सायलीने तो फोन स्वतः करायला हवा होता

या खेपेचं पत्र भांडुपहून आलंय. बरंच मोठं होतं, कामापुरतं देतेय.

"ताई, मी २५ वर्षांची, दिवसा एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना मराठी आणि इतिहास शिकवते, रात्री एका ॲपवर कादंबरी लिहिते, भाग भाग करून. नायिका सायली, १६ वर्षांची, परळच्या चाळीत वाढलेली. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून घरचे आता भांडुपला भाड्याने राहतात. दहावीला ९१ टक्के, बाबांना हवं म्हणून सायन्स घेतलं, कॉलेज माटुंग्याला. सायली कुणालाच नाही म्हणू शकत नाही, हाच तिचा प्रॉब्लेम आणि हीच माझी गोष्ट. सहाव्या भागात ओंकार येतो आणि तेव्हापासून वाचक एकदम वाढलेत, कमेंटमध्ये नुसते बदामच बदाम. पण पहिल्यापासून वाचणारी एक मैत्रीण परवा म्हणाली, ओंकार आला आणि तुझी सायली गायब झाली. ते मला लागलं, कारण खरं वाटलं. रोमान्स काढून टाकू का? की कमी करू? शेवटी दोघांना एकत्र आणू की नको? लोक तर आत्ताच लग्नावर पोचलेत. आणि किसचा सीन ठेवू का, माझ्या घरचेही वाचतात. भाग सात, आठ, नऊ सोबत पाठवतेय. - स., भांडुप"

स.,

रोमान्स काढू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मैत्रीण बरोबर बोलली, फक्त खापर ओंकारवर फोडू नकोस, तो बिचारा आला एवढंच. तो आल्यावर तू सायलीला काही कामच ठेवलं नाहीस म्हणून ती गायब झाली.

पहिले सहा भाग मी ॲपवर जाऊन वाचून आले. दुसऱ्या भागात ती चाळ रिकामी होत असते आणि शेजारच्या काकू आपली तुळशीची कुंडी सायलीच्या हातात देतात, सांभाळ गं पोरी म्हणून, आणि भांडुपच्या खोलीला गॅलरीच नाही हे पक्कं माहीत असून ही "ठेवते ना काकू" म्हणते, मग ती कुंडी जिन्यात, मग घरमालकाची बोलणी, मग आईची बोलणी, आणि तरी काकूंचा फोन आला की "मस्त आहे तुळस, पानं बघा किती आलीत." हे वाचून मी तुझी फॅन झाले. एका कुंडीत पोरगी अख्खी कळली. तिला वाईट म्हणवून घ्यायची भीती वाटते, ती भीती लपवायला ती खोटं बोलते आणि खोटं इतकं गोड बोलते की समोरच्याला आशीर्वाद द्यावासा वाटतो. हे एवढं सगळं तुझ्या हातात होतं आणि सातव्या भागात तू ते सोडून दिलंस.

सातवा भाग बघ. जुलै महिना, धो धो पाऊस, सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, दादरला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही, सायलीच्या फोनची बॅटरी गेलेली. इथपर्यंत एक नंबर. मग ओंकार आपला फोन काढतो, तिच्या आईला लावतो आणि म्हणतो, "काकू, मी ओंकार, सायलीच्या वर्गातला, काळजी करू नका, मी तिला घरी सोडतो." आई म्हणते, "बरं बाळा." आणि सायली त्याच्याकडे डबडबलेल्या डोळ्यांनी बघत राहते. खाली बदामांचा पूर.

स., खरं सांग, तुझ्या आईने "बरं बाळा" म्हणून फोन ठेवला असता? परळच्या चाळीत आयुष्य काढलेली बाई, पोरगी पावसात अडकलेली, अनोळखी नंबर, वर अनोळखी मुलगा. कोण ओंकार, कुठला ओंकार, आडनाव काय, आणि हे सगळं होण्याच्या आधी पहिलं वाक्य, "सायलीला दे फोन." हे तीन शब्द तू आईला बोलू दिले असतेस तर तुझा हा भाग वाचला असता. कारण मग फोन सायलीच्या हातात आला असता आणि तिला काहीतरी करावं लागलं असतं.

आणि तिने काय केलं असतं ते तुला माहितीये, कुंडीवाली सायली तूच लिहिलीयस. तिने खोटं बोललं असतं, आणि मस्त बोललं असतं. किंवा त्याहून बरं, ओंकारने लावलेला फोन आईने उचलायच्या आतच हिने तो ओढून घेतला असता आणि "अगं आई, मी प्राचीकडे आहे, हा तिच्या आईचा नंबर, त्यांनी थांबवून घेतलंय, पाणी उतरलं की निघते, त्या वरण-भात लावतायत, तू जेवून घे." वरण-भात! ते नसतं तर साधं खोटं झालं असतं, वरण-भाताने ते सायलीचं खोटं होतं. बाजूला ओंकार उभा, चिंब भिजलेला, ऐकतोय. आधी हसेल तो, भारी आहेस यार म्हणेल. आणि मग गर्दीत उभ्या उभ्या थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात ट्यूब पेटेल आणि तो विचारेल, "माझ्याशी पण असंच बोलतेस का तू?"

आता सायली काय उत्तर देणार? कारण सहाव्या भागात त्याने गाणं ऐकवलं तेव्हा तिला ते बोर झालं होतं आणि ती म्हणाली होती कसलं भारी गातोस. म्हणजे हो, त्याच्याशीही ती असंच बोलते.

बघ काय झालं. पाऊस तोच, स्टेशन तेच, बदामवाल्यांनाही काही कमी पडलं नाही, ते दोघं एकमेकांना खेटूनच उभे आहेत. पण आता प्रेम आणि तिचा प्रॉब्लेम हे दोन वेगळे ट्रॅक राहिले नाहीत. लोक म्हणतात ना की एक चॅप्टर कॅरेक्टर ग्रोथचा आणि एक चॅप्टर रोमान्सचा असं बॅलन्स करायचं, त्याला काही अर्थ नाही, तसं केलं की वाचणारा ग्रोथवाला चॅप्टर ढकलून पुढे जातो, मीही जाईन. ज्या सीनमध्ये तो तिला आवडायला लागतो त्याच सीनमध्ये तिची सवय तिला नडली पाहिजे.

तुझ्या आठव्या-नवव्या भागाचा खरा घोळ तर याच्याही पुढचा आहे आणि मला वाटतं तो तुझ्या लक्षातच आलेला नाही. सायली बाबांना नाही म्हणू शकत नव्हती. आता ती ओंकारला नाही म्हणत नाही. कुठे जायचं, तुला आवडेल तिथे. काय खायचं, तुला आवडेल ते. नवव्या भागात "तुला आवडेल ते" चार वेळा आलंय, मोजून बघ. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि कादंबरी हे सगळं सुंदर सुंदर म्हणत सांगतेय, पावसाच्या उपमा देत, जसं काही पोरीचा उद्धार झाला. ज्या मुलीला सगळ्यांना खूश ठेवायची सवय आहे तिच्या आयुष्यात प्रेम आलं तर खूश ठेवायला अजून एक माणूस आला, इतकंच होणार की. उलट हा माणूस तिला मनापासून हवा आहे, तो गेला तर रडू येणार आहे, म्हणजे याला नाही म्हणणं बाबांना नाही म्हणण्यापेक्षाही अवघड. मग तुझी कादंबरी कुठे पोचायला हवी ते आपोआप दिसतं की नाही? जो गमवायचा नाहीये अशा माणसाला तिने दिलेलं पहिलं खरंखुरं नाही. माझ्या मते तुझ्या लव्हस्टोरीचा सगळ्यात मोठा सीन तोच आहे, किस वगैरे नंतर बघू.

पण त्यासाठी ओंकारने काहीतरी मागायला हवं, आणि इथे तुझा ओंकार फारच चकाचक आहे गं. उंच, डोळे खोल, गिटार, बुलेट. पोरगा अकरावीत आहे, गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ शिवाय मिळत नाही, दादर टीटीला पहिल्याच सिग्नलला हवालदाराने धरला असता आणि तुझा हिरो बाबांना फोन लावत उभा राहिला असता. काढून टाक ती बुलेट. त्याला कॉलेजचा कन्सेशनचा पास दे आणि घरी काहीतरी काम दे. समज, भांडुपला स्टेशनजवळ त्याच्या आईचं पोळी-भाजी केंद्र आहे, हा पहाटे उठून कणीक मळतो, डबे भरतो, मग धावत गाडी पकडतो, फर्स्ट लेक्चरला पेंगतो. गिटार ठेवायचं तर ठेव, पण अंगाला पिठाचा वास येऊ दे. असला मुलगा जास्त आवडतो वाचकांना, विश्वास ठेव.

आणि आता त्याला मागू दे. काहीतरी भयंकर नको, तो व्हिलन नाहीये. सायन्सवाल्या पोरांना जर्नल नावाची पीडा असते ना, फिजिक्सचं, केमिस्ट्रीचं, प्रॅक्टिकल लिहायची, आकृत्या काढायच्या, सरांकडून सही करून घ्यायची, आणि वेळेत सर्टिफाय झालं नाही तर वांधे. ओंकारला खरंच वेळ मिळत नाही. तो म्हणतो, सायली, माझं फिजिक्सचं जर्नल पूर्ण करशील का, प्लीज, तुझं अक्षर पण छान आहे. आणि ती म्हणणार, दे ना. मग ती रात्री भांडुपच्या खोलीत दिवा डोळ्यात जातो म्हणून भाऊ कुरकुर करतोय, आणि ही दोन दोन जर्नलं लिहितेय, व्हर्नियर कॅलिपरची एकच आकृती दोनदा काढतेय, आणि गंमत म्हणजे तिला ते आवडतंय! आपलं अक्षर त्याच्या वहीत आहे याचं तिला केवढं वाटतंय. हा भाग मनापासून लिही, घाई करू नकोस, कारण त्या वयात प्रेम असंच दिसतं, आपण त्याच्या कामाला येतोय यात. वाचणारीला सुद्धा आवडलं पाहिजे आणि बाजूने टोचलं पण पाहिजे.

मग त्याने केमिस्ट्रीचं आणलं. सहज, न विचारता, बॅगेतून काढून ठेवलं समोर. आणि ती म्हणाली, "हे मी नाही लिहिणार." बस्स, यापेक्षा मोठा डायलॉग नको. लेक्चर नको, स्वाभिमान वगैरे शब्द तर अजिबात नकोत. आणि म्हणताना तिचा आवाज नीट येऊ देऊ नकोस, आणि म्हटल्या म्हटल्या तिने "म्हणजे, तुला अगदीच गरज असेल तर" असं मागे घ्यायला सुरुवात करावी आणि अर्ध्यावर गप्प बसावं. ओंकारला राग येऊ दे. अर्थातच येणार, त्याला तर माहीतच नव्हतं की ती नाही म्हणू शकते. तो दुखावून काहीतरी बोलेल, एवढंच काय त्यात, वगैरे. दोन दिवस बोलणार नाहीत. या दोन दिवसांत ओंकारला पण काहीतरी कळू दे, की दादरला मोठा खरं-खोटं विचारत होता आणि स्वतःला सोयीचं होतं तेव्हा तिचा होकार खरा आहे का ते त्याने विचारलंच नाही. म्हणजे तोही थोडा सरकला. दोघं सरकले तर गोष्ट दोघांची होते, नाहीतर तो नुसता हँडसम फोटो.

अजून एक. ती एकदा नाही म्हणाली म्हणजे कायमची सुधारली असं करू नकोस, पुढच्याच आठवड्यात मावशीला तीन गोष्टींना हो म्हणून येऊ दे. माणसं अशीच बदलतात, दोन पावलं पुढे आणि मग गुपचूप दीड पाऊल मागे.

आणि ती बदलते ते क्षण शक्यतो ओंकार समोर नसताना ठेव. तू क्लासमध्ये शिकवतेस म्हणजे जेन ऑस्टेनचं 'प्राइड अँड प्रेजुडिस' वाचलं नसलंस तरी ऐकलं असशील, १८१३ चं पुस्तक, तेव्हा यंग ॲडल्ट, म्हणजे या वयाच्या पोरांसाठीचं साहित्य, हा शब्दही नव्हता आणि नायिका २० वर्षांची आहे, पण तुझ्या प्रश्नाला इतकं चपखल दुसरं सापडणार नाही. ६१ प्रकरणं आहेत. हिरो मागणी घालतो ३४ व्या प्रकरणात, म्हणजे जेमतेम अर्धं पुस्तक झालंय, आणि ती त्याला तिथे झाडून काढते. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र हातात देतो आणि निघून जातो. नायिकेचा सगळ्यात मोठा बदल त्यानंतर होतो, ती एकटीच रस्त्यावर फेऱ्या मारत ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, आधी चिडते, मग एकेक गोष्ट आठवून ताडून बघते आणि शेवटी तिला स्वतःची लाज वाटते. तो तिथे नाहीच! प्रेमप्रकरण नसतं तर पत्र आलं नसतं, पण ते पत्र वाचायचं काम तिचं तिनेच केलं. तुझ्याकडे सातव्या भागात सायलीचा कान वाजतोय, "माझ्याशी पण असंच बोलतेस का", तर तिला एकटीला लेडीज डब्यात उभी कर आणि ते वाक्य घाटकोपर ते भांडुप तिच्या डोक्यात फिरू दे.

लेडीज डब्यावरून आठवलं. आठव्या भागात तू त्यांना कँडलवाल्या कॅफेत नेलंस. पैसे कोणी दिले? मुंबईत १६-१७ च्या पोरांकडे भेटायला जागा नसते हीच तर मुंबईच्या लव्हस्टोरीची मजा आहे, घर म्हणजे दीड खोली, बिल्डिंगखाली वॉचमन आणि चार काकू, कॉलेजच्या कट्ट्यावर अख्खा वर्ग. आणि लोकलमध्ये तर एकाच गाडीत असून ती लेडीजमध्ये, तो शेजारच्या जनरलमध्ये, मध्ये जाळी. दोघांना जाळीशी उभं कर. बाजूला कोणी भाजी निवडतंय, कोणी डुलक्या घेतंय, त्यामुळे तोंडाने बोलता येत नाही, म्हणून हातभर अंतरावर उभं राहून फोनवर टाइप करतायत आणि मेसेज आला की एकमेकांचा चेहरा बघतायत. विक्रोळीला नेटवर्क जातं. त्याने पाठवलंय ते तिला पोचत नाही, तो जाळीतून खुणेने विचारतोय, आलं का, आलं का. सांग, कँडल पाहिजे तुला?

भाषेचं पण बघ जरा. तुझी पोरं पहिल्या भेटीपासून शुद्ध मराठीत बोलतात. मुंबईच्या कॉलेजात दोन मराठी पोरं आधी महिनाभर एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि मग एक दिवस कोणाच्या तरी घरून फोन आला की कळतं, अरे, तू मराठी? तो क्षण फुकटात मिळतोय तुला, सहाव्या भागात घाल. बाकी आठव्या भागात सायली जे म्हणते की प्रेम म्हणजे स्वतःला हरवणं नव्हे तर शोधणं, ते काढ. ते सायली बोलत नाहीये, त्या क्लासच्या बाई बोलतायत. अमेरिकेत यंग ॲडल्ट साहित्याची सुरुवात लोक ज्या पुस्तकापासून धरतात ते 'द आउटसायडर्स', १९६७ चं, ते लिहिताना एस. ई. हिंटन स्वतः शाळेत होती, पुस्तक आलं तेव्हा १८ ची. सगळ्यांना काही ते जमणार नाही आणि तू आता २५ ची आहेस, पण कमीत कमी २५ ची अक्कल १६ च्या तोंडी घालू नकोस. सायलीला जे कळलंय ते तिला शब्दांत सांगता येता कामा नये, तिने फक्त जर्नल परत सरकवावं. तुझ्यासमोर रोज दहावीची पोरं बसतात, कान उघडे ठेव, ती कशी चिडतात, कशी विषय बदलतात ते घे, फक्त कुणा एकाचीच गोष्ट जशीच्या तशी उचलू नकोस, ती वाचतात आणि ओळखतात.

आता नववा भाग, जिथे ओंकार तिचा फोन हिसकावून मेसेज चेक करतो कारण वर्गातला एक मुलगा तिला नोट्स पाठवतो, आणि खाली सगळे लिहितात किती काळजी करतो. मला हे वाचून राग आला, तुझ्यावर थोडा आणि त्या बदामांवर जास्त. असा सीन लिहूच नये असं मी म्हणत नाही, अशी पोरं असतात, आणि सायलीसारख्या पोरी ते प्रेम समजून घेतात हेही खरं आहे. पण पुस्तकाला कळलं पाहिजे की हे काय चाललंय. तुझ्या भागात फोन हिसकावल्यावर पुढचंच वाक्य आहे, "त्याच्या डोळ्यातली ती आग तिला हवीहवीशी वाटली." तिथे तू सायलीच्या बाजूला उभी नाहीस, कमेंटवाल्यांच्या बाजूला उभी आहेस. ठेवायचाच असेल तर तिला त्या वेळी हवंहवंसं वाटू दे, आणि रात्री झोपताना त्या नोट्सवाल्या मुलाला आपण विनाकारण ब्लॉक केलं, उद्या केमिस्ट्रीच्या नोट्स कोणाकडे मागायच्या असा साधा प्रॅक्टिकल प्रश्न पडू दे. मोठी मोठी भाषणं देण्यापेक्षा हे लागतं. नाहीतर सीन काढ, ओंकार तसाही तसा मुलगा वाटत नाही मला.

किसचं. "घरचे वाचतात" म्हणतेस आणि सीन पण लिहून ठेवलायस, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस. हे दोघं १६-१७ चे आहेत. पॉक्सो कायदा २०१२ चा, १८ च्या आतलं प्रत्येक जण त्यात मूल धरलेलं आहे आणि दोघांची मर्जी होती हे कायद्यापुढे चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच, या वयाच्या पात्रांचं शारीरिक वर्णन करत बसायचं नाही, गरजच नाही त्याची. पावसात एका छत्रीत चालताना खांदा कुठे भिजतोय हे लिहिलंस तरी पुरे. जाळीवाला सीन नीट जमला तर कुणी किस मागणार पण नाही.

एकत्र आणू की नको. मला विचारशील तर हा प्रश्न आत्ता सोडवूच नकोस, पण लग्न मात्र डोक्यातून काढ, सायली अकरावीला आहे अजून. मराठीत या वयाच्या प्रेमावर लिहायचं म्हटलं की मिलिंद बोकिलांची 'शाळा' आठवतेच, २००४ ची, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा. त्यात ती मुलगी शेवटी गाव सोडून निघून जाते, दोघांचं काहीही होत नाही, आणि तरी ज्याने वाचली त्याला कोणी असं सांगताना मी ऐकलं नाही की लव्हस्टोरी अर्धी राहिली. कारण मुलाचं काय झालं ते आपल्याला मिळालेलं असतं. तुझ्याकडे उलटही चालेल, दोघं एकत्र राहिले तरी मला चालतील, फक्त सायलीच्या बाबांशी तिचं बोलणं ओंकारने करून द्यायचं नाही. तिथे तो हजर पण नको. बाबांसमोर ती काय म्हणते, सायन्स सोडते की ठेवते, ते तू ठरव, माझा काही हट्ट नाही, सायन्स स्वतःहून ठेवलं तर उलट मला जास्त मजा वाटेल. पण जर्नलवालं "नाही" आधी म्हणून झालेलं असलं तर बाबांवालं जमेल, ती प्रॅक्टिस झालेली असेल तिची.

राहिले कमेंटवाले. ते वाईट नाहीत, ते भुकेले आहेत. आपल्याकडे कुमारांसाठी लिहिलं गेलं ते बरचसं साहस, रहस्य, विज्ञान, आणि मग एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या, मध्ये पंधरा ते अठराच्या पोरांना स्वतःबद्दल वाचायला मराठीत फार थोडं, म्हणून ओंकार दिसला की तुटून पडतात. त्यांना दे की प्रेम, भरपूर दे. फक्त रोज रात्री भाग टाकून सकाळी बदाम मोजून पुढचा भाग लिहायचा हे बंद कर, त्यात सायली हरवणारच, कारण बदाम तिला मिळत नाहीत, ओंकारला मिळतात. निदान पाच-सहा भाग हातात लिहून ठेव आणि मग टाकायला लाग.

सातवा आधी लिही. नवीन, जुन्यात डागडुजी नको, फोन सायलीच्या हातात येतो तिथून सुरू कर आणि बघ ती काय बोलते, माझा वरण-भात वापरायची सक्ती नाही. आठवा-नववा त्यानंतर तसेही बदलतीलच. ॲपवर एक ओळ टाक की थोडे दिवस थांबा, सातवा भाग बदलतेय. शिव्या घालतील दोन दिवस. मैत्रिणीला मात्र आधी वाचायला दे, कमेंटवाल्यांच्याही आधी, आणि ती वाचत असताना समोर बसू नकोस.